मोहरबंद डबीतला गेज

१

राघवेंद्र कारकुनाची बायको वनमाला दारात येऊन उभी राहिली तेव्हा महांतप्पा भाकरी खात होता. त्यानं तिला बससुद्धा म्हटलं नाही.

ती कशाला आली हे त्याला न सांगता कळलं होतं. सकाळपासून अख्खं मुरुम गाव तेच चघळत होतं. कल्याणप्पाच्या कारखान्यात लष्कराच्या लॉऱ्यांची बुशं व्हायची, म्हणजे भोक पाडलेले पोलादी तुकडे. त्यातली सहाशे बुशं काल सरकारी तपासनिसानं नापास केली. सगळ्यांचीच भोकं मोठी होती. ती मोठी का झाली म्हणून शोध घेतला, तर ज्या गेजावर, म्हणजे मापाच्या पोलादी दांड्यावर, भोकं पारखायची तो गेजच मोठा निघाला. तो गेज कुलूपबंद डबीत राघवेंद्रच्या ताब्यात असायचा. १९४४ सालचा जानेवारी, लढाईचे दिवस. लष्कराच्या कामात घातपात झाला म्हटल्यावर उमरग्याहून पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन हजर झाले आणि त्यांनी राघवेंद्रला कारखान्यातच डांबून ठेवलं.

"काका, उद्या संध्याकाळच्या मोटारीनं त्यांना गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेणार आहेत," वनमाला म्हणाली.

"नेऊ देत की."

"तुम्ही एकदा तो गेज बघा. इथं पोलादातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

महांतप्पानं घास चावत तिच्याकडं पाहिलं. हैद्राबादच्या टांकसाळीत एकतीस वर्षं त्यानं नाण्यांच्या ठशांना पाणी दिलं होतं, म्हणजे तापवून, बुडवून पोलाद कडक केलं होतं. पेन्शन घेऊन गावी आल्यावर तो कल्याणप्पाकडं काम मागायला गेला, तर ह्याच राघवेंद्रनं सगळ्यांदेखत हसून सांगितलं होतं, "आजोबा, इथं नाणी पाडत नाहीत." ते हसणं म्हातारा तीन वर्षं विसरला नव्हता.

"तुझा नवरा लई उद्धट हाय."

"आहेत. मला रोज ऐकावं लागतं," ती म्हणाली. "पण ते बेइमान नाहीत."

"हे बघ पोरी, लोखंड घासून कमी करता येतं. वाढवता येत न्हाय. गेज वाढला म्हंजे कुणीतरी बदलला. चावी तुझ्या नवऱ्याकडं. मग आणखी कोण बदलणार?"

"तेच सगळे म्हणतात. पण डबीवर तपासनीससाहेबांची लाखेची मोहर होती. उघडली तेव्हा ती जागेवर होती, अक्षरन् अक्षर शाबूत. वीस माणसांनी पाहिलंय."

महांतप्पाचा हात भाकरीवरच थांबला.

मोहर शाबूत आणि आतलं पोलाद वाढलेलं. असं पोलाद त्यानं आयुष्यात तीनदा पाहिलं होतं. त्यानं ताट सरकवलं, हात धुतला आणि खुंटीवरचं मुंडासं उचललं. राघवेंद्रची त्याला काडीची दया आली नव्हती. त्याला तो गेज बघायचा होता, एवढंच.

२

कारखान्यात त्याचं स्वागत जसं व्हायचं तसंच झालं.

"ह्याला कुणी बोलावलं?" कल्याणप्पा मालक गरजला.

"म्या आपला आलो. हाकलायचं असंल तर अमीनसाहेबांनी हाकलावं."

अमीनसाहेब खुर्चीत पाय पसरून बसले होते. बाजूला तपासनीस घड्याळ बघत होता. राघवेंद्र खांबाशी उभा होता, हातात बेड्या, तरी मान ताठ.

"टांकसाळवाले बुढ्ढे मियाँ?" अमीनसाहेब म्हणाले. "देखो, देखो. कल शामतक मुफ्त का तमाशा है."

राघवेंद्र तिरसटासारखा म्हणाला, "तुमची मदत मला नको आहे."

"तुला करतंय कोण?"

महांतप्पानं आधी हकीकत ऐकून घेतली. येळवसेच्या, म्हणजे रानात जेवायला जायच्या अमावस्येच्या, आदल्या दिवशी तपासनिसानं स्वतः गेज मोजला होता. बरोबर एक इंच. मग तो ग्रीस लावून पत्र्याच्या डबीत ठेवला, कुलूप घातलं आणि कुलपावर लाख ओतून स्वतःची मोहर उमटवली. संक्रांतीच्या आधी मोहर फोडून डबी सगळ्यांसमोर उघडली आणि त्या गेजावरून कामाचे बाकीचे गेज लावले. आता मोजला तर तो इंचाच्या हजाराव्या भागाच्या पाऊणपट मोठा भरत होता. डोक्याच्या केसाची जाडी ह्याच्या चौपट असते, पण लॉरीच्या बुशाला तेवढंही चालत नाही.

डबी तपासणीच्या टेबलाला साखळीनं बांधलेली होती.

"ही साखळी कुणाची अक्कल?"

"माझी," राघवेंद्र म्हणाला. "इथल्या कुणावरच माझा भरवसा नाही."

लेथवाला वीरप्पा मागून पचकला, "गुरावानी बांधून ठेवलीया. वैरण तेवढी टाकायची राह्यली."

साखळी दीड हात लांब होती. डबी टेबलावरून खाली जमिनीपर्यंत पोचत होती. महांतप्पानं डबी उचलून डोळ्यांजवळ नेली. बाहेरून तिला लालसर गंज चढला होता, पण तो झाकणाच्या बोटभर खालीच थांबला होता. साखळीच्या डबीकडच्या चार कड्या गंजल्या होत्या, बाकीच्या लख्ख होत्या. आत बोट फिरवलं तर ग्रीस स्वच्छ. पाण्याचा थेंब आत गेल्याची खूण नव्हती.

"लाख कुठाय?"

अमीनसाहेबांनी कागदाची पुडी उलगडली. "ये देखो. पूरी तडकी हुई. इसने गरम करके उखाडी, फिर चिपकाई. यही सबूत है."

लाखेवर बारीक चिरांचं जाळं पसरलं होतं. पण मोहरेची अक्षरं सुईनं कोरल्यासारखी कोरीव होती. लाख तापवून उखडली असती तर अक्षरं पसरट झाली असती. उष्णतेनं लाख पाघळते. तडकते ती कशानं?

महांतप्पानं विचारलं, "ह्या गेजाला पाणी कुणी दिलं?"

"मी," भट्टीकडून आवाज आला. "का? काय म्हणणं हाय?"

३

पंचाक्षरी फोरमन भट्टीपुढं सांडस धरून उभा होता. पन्नाशीचा, रुंद छातीचा आणि डोळे भट्टीच्या धगीनं कायमचे तांबारलेले. त्याच्या डोक्यावरचं छप्पर उघडं होतं आणि ऊन थेट भट्टीवर पडत होतं.

"भट्टीवर ऊन?" महांतप्पा चकित झाला. "मग पोलादाचा रंग कसा दिसतो तुला?"

पंचाक्षरी थुंकला. "न्हाय दिसत. त्या कारकुनाला इचारा. दसऱ्याच्या आधी त्येनंच पत्रे काढाया लावले. म्हणला, अंधारात कामचुकारपणा लपतो. म्या मालकाच्या पाया पडलो. भट्टीला अंधार लागतो मालक, उजेडात लाल रंग काळा दिसतो, मग आच जास्त लागती. कोण ऐकतंय?"

"आन् ह्या गेजाला पाणी दिलं ते पत्रे काढल्यावर?"

"व्हय. दोन गेज केल्ते, जुळे. एकाच सळईचे, एकाच आचेतले. दुसऱ्याचं काय झालं ते बी त्यालाच इचारा."

विचारावं लागलं नाही. वीरप्पानंच मोठ्या चवीनं सांगितलं. दुसऱ्या गेजाच्या बुडाला राघवेंद्रनं सगळ्या कामगारांसमोर कानस लावली. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथं ती किंचित चावली. राघवेंद्रनं गेज वर धरून विचारलं, "फोरमन, हे पोलाद आहे का लोणी?" आणि तो भंगारात फेकला. वीस वर्षं भट्टीपुढं घालवलेल्या माणसाला त्या दिवसापासून पोरंठोरं 'लोणीवाला' म्हणू लागली.

"भंगारातला गेज गेला कुठं?"

वीरप्पानं लेथच्या फळीकडं बोट केलं. त्याच्या तंबाखूच्या पुडीवर वजन म्हणून तो ठेवलेला होता. "चांगला जड हाय. वाऱ्यानं कागद उडत न्हाय."

"तुझं राघवेंद्रशी कसंय रे?"

"त्याचं कुणाशी बरं हाय? माझी सत्तर बुशं फेकली मागल्या महिन्यात. तुरुंगात गेला तर म्या गावात पेढं वाटीन, अप्पा."

महांतप्पानं तो जुळा गेज उचलला आणि कल्याणप्पाकडं गेला.

"येळवसेच्या आदल्या सांजेला इथं कोण होतं मालक?"

"कोण असणार? दुसऱ्या दिवशी समदे रानात जेवायला जाणार, कारखाना बंद. तपासनीससाहेबांना म्या माझ्या रानात बोलावलं होतं, कुल्फी खिलवायची म्हणून सोलापूरचा बर्फ मागवला. त्यो पंचाक्षरीनं आणला मोटारीनं, भुशात घालून. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात धा वर्षं फिटर होता त्यो, त्याची वळख हाय. सांजेला सामानाच्या खोलीत ठिवला, तीच थंड. वीरप्पा उशिरापत्तुर लेथवर होता. राघवेंद्रनं कुलपं तपासली. बस."

"पाव्हण्यांना कुल्फी आवडली का?"

कल्याणप्पाचं तोंड कडू झालं. "त्या सैपाकीणबाईनं माझी इज्जत घालवली. कुल्फी कसली, दूध पाजलं साहेबाला! आता त्या बुशांपायी माझ्या कारखान्याला टाळं लागंल, आन् तुम्हाला कुल्फी सुचतीय?"

४

गजराबाई मालकाच्या घरी चुलीपुढं बसली होती. कुल्फीचं नाव काढताच तिनं उलथनं आपटलं.

"माझी काय चूक? मला आदल्या दिवशी भलामोठा ढेपसा दावला, चार माणसांनी उचलावा एवढा. दुसऱ्या दिशी रानात आला तवा निम्मा! म्हणं वितळला. थंडीच्या दिसात, भुशात ठिवल्याला बर्फ एका रातीत निम्मा वितळतो व्हय? आन् मीठ! पाच शेर खडेमीठ म्या स्वतः मोजून बर्फासंगं दिल्तं. पोत्यात उरलं दोन शेर. मिठाबिगर बर्फाला गारठा चढतो का? कुल्फी गोठंल कशी? मालकानं पाव्हण्यांपुढं मला शिव्या दिल्या. पंधरा वर्षं त्या घरात राबले मी."

"ह्ये तू कुणाला सांगितलंस?"

"कोण ऐकून घेतंय माझं?"

महांतप्पा पहिल्यांदाच हसला. "म्या ऐकलं की. उद्या दुपारी मला कुल्फीचं भांडं लागंल. आन् पाच शेर मीठ. ह्या खेपेला कमी पडू द्यायचं न्हाय."

घरी परतून त्यानं फडताळातून टांकसाळीतला जुना सोबती काढला. एक नालाच्या आकाराचं लोहचुंबक होतं आणि ते टांगायला स्प्रिंगचा काटा. ठशाला चुंबक चिकटवायचं, काटा हळूहळू वर ओढायचा आणि किती तोळ्यांवर चुंबक सुटतं ते बघायचं. एकतीस वर्षं त्यानं ठशांची पारख अशीच केली होती.

कारखान्यात परत येऊन, तपासनिसाला पटवून त्यानं वाढलेला गेज त्याच्यासमोर काट्याला लावला. तीस तोळ्यांवर चुंबक सुटलं. मग जुळा लावला. पंचवीस. पुन्हा लावला. पंचवीसच.

"एकाच सळईचे, एकाच आचेतले, एकाच मापाचे दोन तुकडे," महांतप्पा म्हणाला. "मग एकाला चुंबक जास्त का धरतं, साहेब?"

"बनावट आहे म्हणूनच. तो गेज दुसऱ्याच पोलादाचा आहे."

"असंल. उद्या बघू."

सोलापूरच्या मोटारवाल्याला त्यानं बर्फाची चिठ्ठी दिली. मग वीरप्पाला बाजूला घेऊन सकाळी एक तुकडा कातून द्यायला सांगितला, हुबेहूब जुळ्यासारखा, बुडाला कानशीची खाच असलेला. वीरप्पा कुरकुरला, पण कशासाठी ते सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. राघवेंद्रसाठी त्यानं बोटही हलवलं नसतं. पण कुणाला तरी पकडायची गंमत त्याला सोडवेना.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी महांतप्पा तपासणीच्या टेबलापाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"कोळशावरची मोटार दोन वाजता बर्फ घेऊन येतीय. भंगारातला जुळा गेज म्या बर्फामिठात घालणार हाय. बघू काय होतं ते."

"काय होणार?" तपासनीस वैतागला. "गारठ्यानं धातू आकसतो. बाहेर काढला की पुन्हा पहिल्यासारखा. शाळेतल्या पोराला कळतं हे."

"वेळकाढूपणा चाललाय," कल्याणप्पा म्हणाला.

"म्हाताऱ्याला कुल्फी खायची असंल," पंचाक्षरी म्हणाला. लोक हसले. राघवेंद्रही हसला, आणि महांतप्पाला वाटलं की ह्याला खरंच गुलबर्ग्याला जाऊ द्यावं.

जुळा गेज टेबलावर उघड्यावर ठेवून सगळे बाहेर लिंबाखाली जेवायला बसले. अमीनसाहेब, तपासनीस, मालक, वीरप्पा, बेड्या घातलेला राघवेंद्र, त्याला डबा घेऊन आलेली वनमाला, सगळेच. अर्ध्या जेवणात पंचाक्षरी उठला.

"भट्टी बघून येतो. आच जास्त झाली असंल."

कुणी लक्ष दिलं नाही. महांतप्पानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला.

सुट्टी संपली. गेज टेबलावर होता तिथंच होता. महांतप्पानं तो उचलला, गालाला लावला. कोमट होता. मग बुडाची खाच उजेडाकडं धरली.

"अमीनसाहेब, जरा बघता का?"

गेजाचं अंग चकचकीत होतं, नुकतंच पॉलिशकागदानं घासल्यासारखं. पण कानशीच्या खाचेत कागद पोचला नव्हता. तिथं गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग उमटला होता.

"पोलाद तापलं की असा रंग चढतो. ह्यो तुकडा भट्टीच्या गरम वाळूत पुरून काढलाय, रंग घासून टाकलाय. खाच तेवढी राह्यली. आपण समदे लिंबाखाली होतो. भट्टीकडं एकच माणूस गेला."

सगळ्यांच्या माना पंचाक्षरीकडं वळल्या.

"मग काय झालं?" पंचाक्षरी गुरकावला. "ओल व्हती त्येच्यावर. गंज नको म्हणून तापवला. आता घाला बर्फात, काय व्हतंय बघा."

"काहीच व्हणार न्हाय, ठावं हाय तुला. तापवल्यावर त्येच्यातला कच्चेपणा मरतो. म्हणून तर तापवलास. पण त्यो जुळा न्हवंच. सकाळी वीरप्पानं कातलेला साधा तुकडा हाय त्यो. अमीनसाहेब, तुमच्याकडं ठेवलेली वस्तू काढता का?"

अमीनसाहेबांनी कोटाच्या खिशातून खरा जुळा काढला. पंचाक्षरीच्या हातातला सांडस खाली पडला.

६

मग खेळ झाला तो सगळ्यांच्या देखत. तपासनिसानं जुळा गेज मायक्रोमीटरनं मोजला. बरोबर एक इंच. गजराबाईनं कुल्फीच्या भांड्यात तो ठेवला, भोवती बर्फाचा चुरा आणि मीठ दाबून भरलं. दोन तास माणसं काम सोडून उभी होती. गेज बाहेर काढला, पुसला, तासभर टेबलावर ठेवून खोलीच्या उबेला आणला. तपासनिसानं मोजला. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजला.

"हजाराव्या भागाच्या निम्म्याहून जास्त," त्याचा आवाज खाली आला होता. "वाढलाय."

चुंबकाचा काटा आता एकोणतीस तोळ्यांवर सुटला.

"ऐका आता," महांतप्पा म्हणाला. "पोलाद तापवून तेलात बुडवलं की समदं कडक व्हत न्हाय. थोडं कच्चं राहतं. आमचा टांकसाळीतला गोरा साहेब त्येला ऑस्टेनाइट म्हणायचा. आच जितकी जास्त, तितकं कच्चं जास्त. कच्च्याला चुंबक धरत न्हाय, कानस मातुर चावती. पडून राह्यलं तर ते तसंच झोपून राहतं. पर कडक गारठा लागला की जागं व्हतं, कडक व्हतं, आन् कडक व्हताना फुगतं. पुन्हा उबेला आणलं तरी माघारी जात न्हाय. आमी ठसा तेलातून काढला की लगोलग बर्फात घालायचो आन् मग मंद आचेवर धरायचो, म्हंजे काय फुगायचं ते आधीच फुगावं."

"पण मोहर?" अमीनसाहेबांनी विचारलं. "डिब्बी तो किसीने खोली नहीं."

"खोलायची गरजच न्हवती. येळवसेच्या आदल्या सांजेला बर्फ राखायला म्हणून पंचाक्षरी मागं राह्यला. बादलीत तीन शेर मीठ आन् वितळंल तसा रातभर बर्फ घालत राह्यला आन् कुलूपबंद डबी साखळीसकट त्यात सोडली, झाकणाच्या खाली बोटभर. गंज तिथंच थांबलाय. चार कड्या बुडल्या, त्या चार गंजल्या. आत पाणी गेलं न्हाय, गारठा गेला. लाख उबेनं पाघळती, गारठ्यानं तडकती. म्हणून चिरा पडल्या आन् अक्षरं कोरीव राह्यली. सकाळी गजराबाईला बर्फ निम्मा मिळाला, मीठ कमी पडलं आन् शिव्या तिनं खाल्ल्या. ह्ये कुणाला सुचंल? ज्याला पोलाद कच्चं राह्यलंय ते ठावं हाय, आन् बर्फाच्या कारखान्यात, खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत पोलादी पिना फुगून अडकलेल्या ज्यानं धा वर्षं पाह्यल्यात, त्यालाच."

मग पंचाक्षरी राघवेंद्रपुढं जाऊन उभा राहिला. शिपाई पुढं झाले, पण त्यानं हात उचलला नाही.

"व्हय, केलं म्या. त्येला गजाआड बघायचं व्हतं मला. पत्रे कुणी काढले रं? सांग की समद्यांना. म्या पाया पडलो तवा हसलास. आच तू चढवलीस आन् लोणीवाला मी झालो. माझ्या पोरीच्या सासरी गेलं ते नाव, ठावं हाय तुला?"

राघवेंद्रनं मान फिरवली. "अमीनसाहेब, माझ्या बेड्या काढा. मी निर्दोष ठरलोय."

शिपायानं बेड्या काढल्या आणि त्याच पंचाक्षरीच्या हातात घातल्या. संध्याकाळची मोटार तीच होती, जायचं गावही तेच. निघताना पंचाक्षरीनं महांतप्पाकडं पाहिलं.

"तुम्ही भट्टीवाले. तुम्हाला तरी कळायला पायजे व्हतं."

"कळलं की," महांतप्पा म्हणाला. त्याला स्वतःचाच राग आला.

मोटार गेल्यावर राघवेंद्र मनगटं चोळत त्याच्यापाशी आला. आभार मानायला आला असेल असं वनमालाला वाटलं असावं, कारण ती दोन पावलं मागं थांबली.

"तुमची फी काय ती सांगा," राघवेंद्र म्हणाला. "उपकार मला नकोत."

महांतप्पानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"जुळ्याला कानस चावली तवा तुला कळलं व्हतं की दुसरा बी त्याच आचेतला हाय. त्येच्या पास झाल्याच्या कागदावर तुझी सही व्हती, म्हणून तू गप बसलास. खरं का न्हाय?"

राघवेंद्रचा चेहरा पांढरा पडला. वनमालानं नवऱ्याकडं पाहिलं आणि डब्याची पिशवी उचलून एकटीच घराकडं चालू लागली.

आठवड्यानं चुंबकाचा विसरलेला काटा न्यायला महांतप्पा कारखान्यात गेला. कल्याणप्पानं छपराला पत्रे पुन्हा ठोकून घेतले होते. भट्टीपाशी आता छान अंधार होता. मालकाच्या पुतण्यानं कसंबसं पाणी दिलेला एक नवा गेज तपासणीच्या टेबलावर होता. राघवेंद्रनं सवयीनं कानस उचलली आणि लावली. ती चावली.

त्यानं गेज वर धरला, भट्टीकडं वळला आणि ओरडायला तोंड उघडलं. भट्टीपुढं कुणीच नव्हतं. सांडस भिंतीला टेकवून ठेवलेला होता. लेथवरचा वीरप्पा काय होतंय ते बघायला थांबला होता.

राघवेंद्रनं गेज हळूच खाली ठेवला. मग त्याची नजर दारातल्या म्हाताऱ्यावर गेली.

"काका," तो म्हणाला. असं तो पहिल्यांदाच म्हणत होता. "तुम्ही रंग ओळखता ना?"

महांतप्पानं खुंटीवरचा काटा काढून खांद्याला अडकवला.

"इथं नाणी पाडत न्हाईत," तो म्हणाला आणि घरी जेवायला गेला.